टेबलावर राहिलेले अंक

आमच्या नियतकालिक विभागात प्रत्येक टेबलावर एक छोटी पाटी असायची: ‘वाचून झालेले अंक टेबलावरच ठेवावेत, रॅकमध्ये परत ठेवू नयेत.’ नव्या विद्यार्थ्यांना तिचं नवल वाटायचं, कारण वस्तू जागच्या जागी ठेवायला सगळ्यांनाच घरातून शिकवलेलं असतं. संध्याकाळी विभागातले मदतनीस मामा टेबलांवरचे अंक गोळा करून काउंटरवर आणायचे, मी त्यांची नोंद घ्यायचे आणि मगच ते रॅकमध्ये जायचे. पुस्तक घरी जातं, त्यामुळे त्याच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के पडत जातात. नियतकालिक घरी देत नाहीत. ते बसल्या जागी वाचलं जातं आणि कुठलीही खूण मागे न ठेवता रॅकमध्ये परत जातं. ते कुणी उघडलं की नाही हे कळण्याचा आमच्याकडे टेबलावरची ही नोंद एवढाच मार्ग होता.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी १९८९ मध्ये रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत माझी बरीचशी नोकरी याच विभागात झाली. आज कुठलं नियतकालिक ठेवायचं, कुठलं बंद करायचं, कुठले जुने खंड हलवायचे, हे वापराच्या आकड्यांवर ठरतं. ते आकडे मी स्वतः वर्षानुवर्षं मांडले आहेत. त्यांच्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून हा लेख.

टेबलावरच्या मोजणीत पहिले नंबर कायम ठरलेले असायचे: ‘योजना’, ‘कुरुक्षेत्र’, ‘लोकराज्य’ आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. सकाळी दार उघडण्याआधी पायऱ्यांवर उभी असायची ती बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं. खेड्यांतून आलेली, खोली तिघा-चौघांत घेऊन राहणारी, सकाळचा डबा दुपारपर्यंत पुरवणारी. ‘वीकली’चा नवा अंक आला की तो आपसांत वाटून वाचला जायचा. एकानं संपादकीय वाचून टिपण काढायचं, दुसऱ्यानं शेतीवरचा लेख, आणि संध्याकाळी वह्या बदलायच्या. ग्रंथालय समितीच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणायचं, की हे काही आपले खरे वाचक नव्हेत, यांना संशोधनाशी काय देणंघेणं. मला हे कधीच पटलं नाही. सचिन चौधरींनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केलं, १९६६ पासून ते आजच्या नावानं निघतं. प्राध्यापकांइतकंच ते अभ्यासू नागरिकांसाठीही आहे. परीक्षेसाठी म्हणून ते हातात घेतलेली काही मुलं परीक्षा झाल्यावरही शुक्रवारी अंक आला का विचारायला येत राहिली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने याहून वेगळं काय करायचं असतं?

संशोधक विद्यार्थ्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्यातही विषयागणिक सवयी वेगळ्या. रसायनशास्त्राची मुलं शनिवारी यायची, कारण आठवडाभर प्रयोगशाळा सुटत नसे. ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड आमच्या एका अख्ख्या भिंतीला लागून होते. १९०७ पासून निघणाऱ्या या सारकोशात जगभरच्या रसायनशास्त्रीय लेखांचे सारांश असत, आणि त्यात शिरायचं तर त्याच्या सूच्या वापरता यायला हव्यात. सूत्रांच्या सूचीत आधी कार्बन, मग हायड्रोजन आणि मग उरलेली मूलद्रव्यं अक्षरक्रमानं. आपल्याला हवा तो रेणू त्या क्रमात बसवायचा, पान काढायचं, सारांशाचा क्रमांक टिपायचा, दुसऱ्या खंडात तो सारांश गाठायचा आणि तिथून मूळ लेखाचा संदर्भ घ्यायचा. एवढं करून मूळ नियतकालिक आमच्याकडे नसलं, तर पुढची वाट टपालाची. दिल्लीच्या ‘इन्सडॉक’ या वैज्ञानिक दस्तऐवज केंद्राकडे फॉर्म भरून लेखाची छायाप्रत मागवायची, किंवा थेट परदेशातल्या लेखकाला कार्ड पाठवून लेखाची स्वतंत्र प्रत मागायची. महिन्या-दोन महिन्यांनी पाकीट यायचं आणि ती मुलगी किंवा मुलगा काउंटरवरच उभ्यानं ते फोडायचा. एवढ्या खटपटीनं मिळालेला लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जायचा, त्याच्या संदर्भयादीवर पेन्सिलीच्या खुणा व्हायच्या. ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ची छापील आवृत्ती २०१० पासून बंद झाली. आज तोच शोध काही सेकंदांत होतो, आणि तो तसा व्हावा हेच बरं. शनिवारचे ते तास मुलांनी प्रयोगात घालवले तर त्यांत कुणाचंच नुकसान नाही.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्रातले वर्गीकरणाचे अभ्यासक मात्र उलट्या दिशेला चालायचे. त्यांना नवा अंक नको असायचा. एखाद्या गवताचं किंवा बेडकाचं पहिलं वर्णन कुणी, कुठल्या खंडात, कुठल्या पानावर केलं हे त्यांना हवं असायचं, कारण नावाचा मान आधी वर्णन करणाऱ्याकडे जातो. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चं नियतकालिक १८८६ पासूनचं आहे. त्याचे जुने खंड सह्याद्रीत काम करणाऱ्या आमच्या मुलांना अजून रोजच्या कामाचे आहेत. त्यांतले कित्येक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्याआधी आमच्याकडचा एकेक खंड इतका हाताळला गेला होता, की चित्रांच्या गुळगुळीत पानांच्या कडा काळवंडल्या होत्या.

विज्ञान असो की समाजशास्त्र, एक गोष्ट मला सगळीकडे सारखीच दिसली. विद्यार्थी नियतकालिकाकडे आपण होऊन फार क्वचित येतो. त्याला कुणीतरी पाठवावं लागतं. एम.ए., एम.एस्सी.पर्यंत पाठ्यपुस्तक आणि नोट्स यांवर निभावतं. नियतकालिक म्हणजे जिथे प्रश्न अजून सुटलेला नाही अशी जागा, आणि तिथे जायला सोबत लागते. इतिहास विभागातले एक सर नव्या अंकांच्या दिवशी न चुकता यायचे. रॅकसमोर उभं राहून अनुक्रमणिका चाळायचे, दोन-तीन लेखांचे तपशील चिठ्ठीवर लिहायचे, आणि दोन दिवसांत तीच चिठ्ठी घेऊन त्यांचा एखादा विद्यार्थी माझ्यापुढे उभा असायचा. ‘मॅडम, सरांनी हे बघायला सांगितलंय.’ त्या विभागाची नियतकालिकं टेबलावर सापडायची. ज्या विभागांचे प्राध्यापक वर्षाकाठी केवळ वर्गणीची यादी भरून द्यायचे, त्यांची नियतकालिकं पाकिटातून काढून रॅकमध्ये ठेवली तशीच वर्षअखेरीला बांधणीला जायची. दर्जा दोन्हींचा सारखाच होता. फरक पडला तो त्या चिठ्ठीमुळे.

प्राध्यापकांच्या वापराची आणखी एक बाजू आमच्या वहीत येत नसे. काही जण ताजा अंक ‘दोन दिवसांसाठी’ विभागात न्यायचे. तो तिथल्या कपाटात महिनोन्‌महिने राहायचा, आणि बांधणीच्या वेळी त्या वर्षाचा खंड एका अंकावाचून अडायचा. त्यावरून आमचे वाद व्हायचे. पण त्या कपाटाभोवती पीएच.डी.ची चार मुलं बसून तो अंक वाचत असायची, हेही मी पाहिलं आहे. आमच्या हिशोबात तो ‘न आलेला अंक’ होता. प्रत्यक्षात त्या वर्षी सगळ्यांत जास्त वाचलेला अंक तोच असावा.

१९९१ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर एकवीस रुपयांच्या आसपास होता, तो सव्वीसच्या घरात गेला. परदेशी नियतकालिकांची वर्गणी पुढच्या वर्षासाठी आगाऊ आणि परकीय चलनात भरायची असते. अनुदान तेवढंच, बिलं एकदम वाढलेली. त्यात प्रकाशकांची दरवर्षीची दरवाढ वेगळी. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयानं त्या काळात यादीला कात्री लावली. आम्हीही लावली. समितीसमोर माझी टेबलांवरची मोजणी ठेवली गेली आणि ज्यांच्या पुढे शून्य किंवा एक-दोन खुणा होत्या ती नावं आधी बाजूला काढली.

त्यांत गणिताची दोन नियतकालिकं होती. गणित विभागाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक बैठकीला आले. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की गणितातला लेख वाचायला एक बैठक पुरत नाही. माणूस तो उतरवून घेतो, घरी नेतो आणि वर्षभर त्याच्यावर काम करतो. वहीत त्याची खूण एकदाच पडते. शिवाय गणितातलं सिद्ध झालेलं जुनं होत नाही, १९३० सालच्या लेखाचा आधार आजही लागतो. खंडांची माळ मध्ये तुटली, तर पुढे ती कुठल्याही पैशानं जोडता येणार नाही. त्यांच्या बोलण्यानं एक नियतकालिक वाचलं, एक बंद झालं.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला ब्रॅडफर्डचा नियम होता. लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयातल्या सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये मांडलं, की एखाद्या विषयावरच्या लेखांचा मोठा हिस्सा थोड्याच नियतकालिकांत एकवटलेला असतो, उरलेले लेख मात्र पुष्कळ नियतकालिकांत विखुरलेले असतात. कात्री लावणाऱ्याला हा नियम फार सोयीचा, कारण गाभ्यातली ठेवा आणि बाकीची सोडा असा त्याचा अर्थ सहज काढता येतो. पण नियमाचा दुसरा अर्धा भागही तेवढाच खरा आहे. विखुरलेल्या त्या नियतकालिकांतही विषयाचा मोठा वाटा असतो, आणि संशोधनाला वेगळं वळण देणारा लेख कित्येकदा तिथेच असतो. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यांतली दोन सूत्रं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं ती सांगतात, किती वाचक मिळावेत याचा आकडा त्यांत कुठेच नाही.

२००४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘इन्फोनेट’ योजनेतून ई-नियतकालिकं मिळू लागली. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ती चालवली. पुढे महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आली, २०१५ मध्ये या सगळ्यांची मिळून ‘ई-शोधसिंधू’ झाली. याचं मोल मला कधीही कमी लेखायचं नाही. कात्रीच्या काळात गमावलेली कितीतरी नावं एका वर्षात परत आली, आणि कधीच परवडली नव्हती तीही आली. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका पूर्वी दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत एस.टी.नं आमच्याकडे यायच्या, झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन परतायच्या. पहिल्यांदा घरी बसून लॉगिन करून त्यांनी हवा तो लेख उघडला, त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं. त्या आवाजातला आनंद मला अजून आठवतो.

आमची टेबलं मात्र रिकामी झाली, आणि मोजणी दुसऱ्या टोकाला गेली. आता प्रकाशकांकडून वापराचे तयार अहवाल येऊ लागले: कुठल्या नियतकालिकातले किती लेख उतरवून घेतले, कुठला लेख उघडायचा प्रयत्न झाला पण वर्गणी नसल्यानं दार बंद मिळालं. माझ्या मते या अहवालांतला हा दुसरा आकडा पहिल्याहून जास्त मोलाचा, कारण वाचकाची भूक तो सांगतो. पहिला आकडा फुगतो. मुलं शंभर पीडीएफ उतरवतात, फोल्डर करतात, सारांश वाचतात आणि पुढे जातात. त्यांना मी दोष देणार नाही. शोधयंत्रानं एका शब्दावर हजार लेख पुढे टाकले, तर विशीतल्या मुलानं निवडायचं कसं? इतिहासाच्या सरांच्या चिठ्ठीवर दोन-तीनच लेख असायचे आणि ते का वाचायचे हे सर वर्गात बोललेले असायचे. पीडीएफच्या काळात ती चिठ्ठी जास्त हवी होती, आणि नेमकी तेव्हाच ती कमी झाली.

कमी होण्याचं एक कारण बाहेरचं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजले जाऊ लागले. आमच्या काउंटरवर येणारा प्रश्न बदलला. ‘या विषयावर नवीन काय आलंय?’ असं विचारणारे आता ‘या नियतकालिकाला आयएसएसएन आहे का?’ असं विचारू लागले. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं, ते आवरायला अधिकृत याद्या आल्या, आयोगाची ‘केअर’ यादी आली आणि ती २०२५ मध्ये बंदही झाली. या काळात नियतकालिक वाचायची गोष्ट न राहता त्यात छापून यायची गोष्ट झाली. ज्यांनी एकाही अंकाची अनुक्रमणिका पाहिली नाही अशा नियतकालिकांना लेख पाठवणारे संशोधक मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटत आलं आहे.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० ई-नियतकालिकं, ६,३०० हून जास्त शासकीय संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आणि राष्ट्रीय संस्थेतल्या मुलाला तेच लेख मिळणार, ही मोठीच गोष्ट आहे. पण या ३० प्रकाशकांच्या यादीत आपलं मराठी कुठलंही नियतकालिक नाही, असणारही नाही. आणि माझ्या मते विद्यापीठ ग्रंथालयाच्या नियतकालिक संग्रहाची खरी कसोटी आता तिथेच लागणार आहे.

मराठीच्या जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आमच्या स्टॅकच्या सगळ्यांत आतल्या रांगेत होते. ‘विविधज्ञानविस्तार’चे काही खंड, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’, ‘सत्यकथा’, वाईचं ‘नवभारत’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’, ‘अनुष्टुभ’, ‘भाषा आणि जीवन’. मोजणीत या रांगेला वर्षभरात मोजकेच वाचक. पण तिथे येणारा वाचक तासाभरात उठत नसे. एक विद्यार्थिनी १९३० पासूनच्या ‘स्त्री’ मासिकावर काम करायला आली. सुरुवातीला तिला फक्त लेख हवे होते. थोड्या दिवसांनी ती वाचकांची पत्रं वाचायला लागली, मग पाककृती, मग जाहिराती. शिवणयंत्रं, साबण, बाळंतकाढे, केसांची तेलं. जाहिरातीतल्या बाईचं पातळ नऊवारीवरून पाचवारीवर कधी आलं, हे तिनं खंडांमागून खंड उलटून टिपलं. तिच्या प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण त्यातून झालं. तिनं हे लेखाच्या नावानं शोधलं असतं, तर कधीच मिळालं नसतं. अख्खा अंक, आणि अंकांची अखंड माळ हाताशी असली तरच असा शोध लागतो.

इथे बांधणीबद्दल सांगायलाच हवं. मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून फक्त मजकूर बांधायचा, ही पद्धत कितीतरी ग्रंथालयांत होती. खंड जाड होत नाही, पैसे वाचतात. त्या पद्धतीनं मराठी समाजाच्या इतिहासाची केवढी सामग्री रद्दीत गेली असेल! आमच्या बाइंडर चाचांचा स्वतःचाच आग्रह होता, की पान म्हणून आलं ते पान म्हणून राहिलं पाहिजे. खळीत मोरचूद घालून ते बांधणी करायचे, कसर लागू नये म्हणून. ‘स्त्री’च्या त्या जाहिराती त्यांच्यामुळे वाचल्या. पावसाळ्यात एकदा छत गळलं, तेव्हा गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक पानामध्ये टीपकागद घालत ते आणि मामा रात्री उशिरापर्यंत बसले होते. वापराच्या कुठल्याही अहवालात या माणसांची नोंद नाही.

मराठी नियतकालिकांची दुसरी अडचण सूचीची. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची केली, आणि त्या एका ग्रंथावर पुढच्या संशोधकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. पण कुठलं नियतकालिक कधी निघालं हे कळणं वेगळं, आणि त्यात कुणी कशावर काय लिहिलं हे कळणं वेगळं. मोजक्या नियतकालिकांच्या लेखसूच्या झाल्या. बाकीच्यांच्या बाबतीत आजही एकच उपाय: खंड काढा, बसा आणि पान पान उलटा. मराठीतल्या संशोधक विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या मुलाची १९८९ सालातली सोयसुद्धा आज नाही. म्हणून तो कमी येतो, म्हणून आकडा लहान दिसतो, आणि आकडा लहान म्हणून वर्गणी आधी तुटते, जागेची टंचाई झाली की खंड आधी हलतात. मराठी त्रैमासिकाची वर्षाची वर्गणी म्हणजे काही शे रुपये. ती थांबवून कुठल्याही ग्रंथालयाचं अंदाजपत्रक सावरलेलं मी पाहिलेलं नाही. त्या त्रैमासिकाच्या संपादकाला मात्र प्रत्येक संस्थात्मक वर्गणीदार जाणवतो.

परदेशी प्रकाशकांच्या ज्या खंडांची सगळी जुनी पानं भरवशाच्या डिजिटल संग्रहात कायमची मिळतात, ते छापील खंड हलवायला माझा विरोध नाही. जागा मोकळी होते, तिथे मुलं बसतात. फक्त हलवण्याआधी करारात काय लिहिलं आहे ते पाहायला हवं, कारण वर्गणी आहे तोवरच लेख उघडतील अशी अट असली, तर वर्गणी संपल्यावर हातात काही उरत नाही. कागदाचा खंड मात्र एकदा घेतला की आपला. मराठी खंडांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. त्यांतल्या पुष्कळांची दुसरी प्रत कुठे आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. एकही वाचक आला नाही तरी ते राखले पाहिजेत. असं मत मी समितीत मांडलं होतं, आजही माझं मत तेच आहे.

निवृत्तीनंतरही मी विभागात जाते. माझ्या जागेवरची तरुण सहायक ग्रंथपाल मराठीच्या दर नव्या अंकाची अनुक्रमणिका मोबाइलवर टिपून विभागाच्या विद्यार्थ्यांच्या गटात टाकते, त्यांतल्या दोन लेखांबद्दल स्वतः चार ओळी लिहिते. ती चिठ्ठी परत सुरू झाली आहे असं मला वाटतं. तिनं जुन्या खंडांतले गहाळ अंक शोधून यादी केली आहे. ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी लघुअनियतकालिकं आमच्याकडे कधी नियमित आलीच नाहीत. अशा अंकांना ना वर्गणी होती ना एजंट. ते आज असतील तर कुणाच्या तरी घरातल्या माळ्यावर, पेटीत, वडिलांच्या कपाटात.

प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. वर्षातून एकदा आपल्या एम.ए.च्या वर्गाला स्टॅकमध्ये घेऊन या आणि आपल्या विषयाच्या एका मराठी नियतकालिकाचा एक खंड त्यांच्या हातात द्या. आणि वाचकांना सांगणं असं, की घर बदलताना, वाड्याची इमारत होताना, किंवा घरातलं वाचणारं माणूस गेल्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याआधी वर्ष आणि महिना लिहून एक यादी करा, आणि ती जवळच्या विद्यापीठाच्या नियतकालिक विभागाला पाठवा. सगळे अंक त्यांना लागणार नाहीत. त्यांच्या माळेत नसलेला एखादा त्यांत निघाला, तर तेवढ्यासाठी ते तुमच्या दारी येतील.